क्रोमियम ट्रायआयोडाइडचं चुंबकत्व त्याच्या बँडमधून कसं वाचायचं

थरांच्या सेमीकंडक्टरमधलं चुंबकत्व कॉम्प्युटरवर काढायचं म्हटलं की बहुतेक जण एक रन लावतात, शेवटी टोटल मॅग्नेटायझेशन किती ते बघतात, बँड गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधली ऊर्जेची फट) किती तो बघतात, दोन आकडे रिपोर्टमध्ये टाकतात आणि विषय संपला. मीपण सुरुवातीचे कितीतरी महिने हेच करत होते. पण हे दोन आकडे वेगवेगळे ठेवले ना तर मटेरियल असं का वागतं हे कधीच कळत नाही. चुंबकत्व म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉन कुठल्या ऑर्बिटलमधून कुठल्या ऑर्बिटलमध्ये उडी मारू शकतो आणि त्याला किती ऊर्जा लागते याचाच हिशेब, आणि त्या हिशेबात भरलेल्या ऑर्बिटलइतकीच रिकामी ऑर्बिटल महत्त्वाची असतात, किंबहुना या मटेरियलमध्ये तर जास्तच. हे एकदा डोक्यात बसलं की डॉसचा (कुठल्या ऊर्जेला किती पातळ्या आहेत त्याचा) प्लॉट बघायची नजरच बदलते.

उदाहरण घेऊया क्रोमियम ट्रायआयोडाइडचं. २०१७ साली याचा एकच थर सोलून काढला आणि तोही फेरोमॅग्नेट (सगळ्या अणूंचे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनची चुंबकी दिशा, एकाच बाजूला) निघाला, ४५ केल्विनपर्यंत, तर अख्खा स्फटिक ६१ केल्विनपर्यंत. त्याच वर्षी क्रोमियम जर्मेनियम टेल्युराइडच्या पातळ थरांमध्येही चुंबकत्व दिसलं आणि तिथून हे सगळं क्षेत्र धावत सुटलं. मी शिकायला ट्रायआयोडाइडच घ्या म्हणते कारण युनिट सेलमध्ये फक्त ८ अणू आहेत, २ क्रोमियम ६ आयोडीन, बऱ्यापैकी डेस्कटॉपवरही रन होतो, सुपरकॉम्प्युटरची वाट बघत बसावं लागत नाही.

आधी कागद पेन घ्या, कॉम्प्युटर नंतर

क्रोमियमचे तीन इलेक्ट्रॉन आयोडीनकडे गेले असं धरायचं, म्हणजे उरला क्रोमियम थ्री प्लस, त्याच्या डी ऑर्बिटलमध्ये ३ इलेक्ट्रॉन. भोवती ६ आयोडीन, अष्टफलकाच्या टोकांवर. पाच डी ऑर्बिटलपैकी तीन अशी आहेत की ज्यांचे पाकळे आयोडीनच्या मधल्या फटींमध्ये जातात, ती खाली राहतात, त्यांना टी-टू-जी म्हणतात. उरलेल्या दोनचे पाकळे थेट आयोडीनवर रोखलेले, म्हणून ती वर ढकलली जातात, ती ई-जी. तीन इलेक्ट्रॉन तीन टी-टू-जी मध्ये एक एक बसतात, हुंडच्या नियमाने सगळे एकाच दिशेचे, म्हणून स्पिन ३/२ आणि प्रत्येक क्रोमियमला ३ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक). ई-जी पूर्ण रिकामी. हे चित्र हाताने काढून भिंतीवर चिकटवा, पुढे सारखं लागणार आहे.

आता शेजारी बघा. क्रोमियमची मांडणी मधमाशांच्या पोळ्यासारखी आहे, प्रत्येकाला तीन शेजारी, जवळजवळ ३.९६ अँगस्ट्रॉमवर, आणि दोन शेजाऱ्यांच्या मध्ये दोन आयोडीन पुलासारखे बसलेले. क्रोमियम आयोडीन क्रोमियम हा कोन नव्वदच्या आसपास. हा कोनच सगळं ठरवतो. इलेक्ट्रॉनला एका क्रोमियमवरून दुसऱ्यावर जायला दोन वाटा आहेत. पहिली वाट, एका टी-टू-जी मधून थेट शेजाऱ्याच्या टी-टू-जी मध्ये. पण तिथे त्याच स्पिनच्या जागा आधीच भरल्यात, पाउलीचा नियम आत येऊ देत नाही, म्हणजे ही उडी शेजाऱ्याचा स्पिन उलटा असेल तरच शक्य, आणि म्हणून ही वाट अँटीफेरोमॅग्नेटिझमकडे (शेजारी स्पिन एकमेकांच्या उलट) ओढते. दुसरी वाट, टी-टू-जी मधून आयोडीनच्या पी ऑर्बिटलमार्गे शेजाऱ्याच्या रिकाम्या ई-जी मध्ये. तिथे जागा दोन्ही स्पिनला आहे, पण पोचल्यावर खाली तीन इलेक्ट्रॉन बसलेत, त्यांच्याच दिशेचा असला तर हुंडमुळे ऊर्जा कमी, उलटा असला तर जास्त. म्हणून ही वाट फेरोमॅग्नेटिझमकडे ओढते. गुडइनफ आणि कानामोरी यांचे नियम म्हणतात ते हेच, नव्वद अंशाच्या पुलावर सहसा फेरो जिंकतो. आणि जिंकतो कोणाच्या जिवावर, तर जे ऑर्बिटल रिकामं आहे त्याच्या.

रन लावताना

मी क्वांटम एस्प्रेसोच्या भाषेत सांगते, फुकट आहे म्हणून बहुतेकांकडे तेच असतं, पण दुसरा कुठलाही डीएफटी (इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढण्याची नेहमीची पद्धत) कोड असला तरी गोष्टी त्याच. मोनोलेयरसाठी (एका थरासाठी) लॅटिस, म्हणजे सेलची बाजू, ६.८७ अँगस्ट्रॉमच्या जवळपास सुरू करा आणि रिलॅक्स होऊ द्या, वर व्हॅक्युम १५ ते २० अँगस्ट्रॉम ठेवा नाहीतर वरचा काल्पनिक थर खालच्याशी बोलायला लागतो. के-पॉइंट (इलेक्ट्रॉनच्या लहरी ज्या बिंदूंवर मोजायच्या त्यांची जाळी) ९ बाय ९ बाय १ पासून सुरू करून वाढवत बघा. आपल्याला शेवटी काही मिलीइव्हीचा फरक काढायचाय आणि एकूण ऊर्जा असते हजारो इव्ही, त्यामुळे कन्व्हर्जन्सचा निकष ढिला ठेवलात तर सगळी मेहनत पाण्यात. स्मिअरिंग (पातळ्या भरताना ऊर्जेत दिलेली ढिलाई) अगदी थोडं ठेवा, गॅप असलेलं मटेरियल आहे.

अँटीफेरोच्या रनसाठी दोन क्रोमियमना दोन वेगळी नावं द्यावी लागतात, क्रोमियम एक आणि क्रोमियम दोन, एकाला सुरुवातीचं मॅग्नेटायझेशन प्लस, दुसऱ्याला मायनस. आणि इथे माझा एक अख्खा आठवडा गेलाय म्हणून नीट वाचा. फेरोच्या फाइलमध्ये एकच क्रोमियम होता, त्याला हबर्ड यू (एकाच अणूच्या डी ऑर्बिटलमध्ये जास्तीचा इलेक्ट्रॉन आला की बसणारा ऊर्जेचा दंड) दिला होता. ती फाइल कॉपी करून अँटीफेरोची बनवली, दुसरा क्रोमियम घातला, सुडोपोटेन्शियल (अणूचा आतला भाग सोपा करून देणारी फाइल) घातलं, पण यू फक्त पहिल्यालाच राहिला. रन व्यवस्थित कन्व्हर्ज झाला, कुठेही एरर नाही, आणि दोन्हीतला फरक आला थेट इव्हीमध्ये. मी के-पॉइंट वाढवतेय, कटऑफ वाढवतेय, घोडं कुठे पेंड खातंय कळेना. शेवटी आउटपुटमध्ये दोन्ही क्रोमियमची ऑक्युपेशन मॅट्रिक्स (कुठलं डी ऑर्बिटल किती भरलंय त्याचा तक्ता) शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की दोघांची आकडेवारी जुळतच नाहीये, नुसता स्पिन उलटा असता तर आकडे तेच असायला हवे होते. तेव्हापासून माझा नियम, फेरोचा रनसुद्धा दोन नावांच्याच फाइलने करायचा, फक्त चिन्ह बदलायचं, म्हणजे दोन फाइलमध्ये त्या एका चिन्हाशिवाय काहीही वेगळं नसतं. भूमितीही दोन्हीकडे तीच ठेवा, अँटीफेरोला वेगळं रिलॅक्स केलंत तर फरकामध्ये जाळीचा ताण मिसळतो आणि एक्सचेंज (शेजारी स्पिनमधली ओढ) किती, ताण किती हे वेगळं काढता येत नाही.

यू किती ठेवायचा हा नेहमीचा प्रश्न. बरेच जण २ ते ३ इव्ही घेतात. माझं मत विचाराल तर एकच आकडा कुठल्यातरी पेपरमधून उचलून देवावर भरवसा ठेवू नका, शून्य, १, २, ३ असे चार रन करा आणि काय बदलतं ते बघा. साधारणपणे यू वाढवला की फेरो जास्त पक्का होतो. का, तर पहिल्या वाटेने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला यूचा दंड पूर्ण बसतो, दुसऱ्या वाटेवर हुंड थोडी सूट देतो. भिंतीवरचं चित्र बघा, पटेल.

डॉसच्या प्लॉटमध्ये नेमकं काय बघायचं

फेरोचा रन झाला की पहिल्यांदा टोटल मॅग्नेटायझेशन बघा, सेलला ६.०० यायला हवं. ५.८७ वगैरे आलं तर समजा काहीतरी बिघडलंय, कारण गॅप असेल तर अप आणि डाउन इलेक्ट्रॉनची संख्या पूर्णांकच असते. एकेका अणूवर मात्र पूर्णांक दिसणार नाही, क्रोमियमवर ३ पेक्षा किंचित जास्त आणि आयोडीनवर थोडंसं उलट्या चिन्हाचं. त्या उलट्या चिन्हाला चूक समजू नका. आयोडीनचा थोडा इलेक्ट्रॉन क्रोमियमच्या अप ऑर्बिटलमध्ये शिरलाय म्हणून तिथे अप कमी पडलाय, म्हणजे पुलावरून वाहतूक चालू आहे याची ती पावतीच आहे.

मग प्रोजेक्टेड डॉस काढा, क्रोमियम डी चा टी-टू-जी आणि ई-जी असा वेगळा आणि आयोडीन पी चा वेगळा. इथे एक खाच आहे, कोडमधले एक्स वाय झेड हे सेलचे अक्ष असतात आणि अष्टफलक त्यांना तिरका बसलेला असतो, त्यामुळे थेट छापलेली पाच ऑर्बिटल म्हणजे टी-टू-जी आणि ई-जी यांची खिचडी असते. अक्ष फिरवून घ्या किंवा ऑक्युपेशन मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यूंवरून ओळखा, स्पिन अपच्या तीन जवळजवळ १ आणि दोन बऱ्याच कमी. हे न करता काढलेले प्लॉट मी प्रेझेंटेशनमध्ये पाहिलेत आणि त्यावरून काढलेले निष्कर्षही, म्हणून सांगते.

आता प्लॉट समोर ठेवा. व्हॅलन्स (भरलेल्या) बँडच्या अगदी माथ्यावर कोण आहे, तर क्रोमियम नाही, आयोडीन पी. भरलेले टी-टू-जी त्याच्या खाली, पी मध्ये मिसळलेले. कंडक्शन (रिकाम्या) बँडच्या तळाशी कोण, स्पिन अपचे रिकामे ई-जी. स्पिन डाउनचे टी-टू-जी त्याच्याही वर. म्हणजे जो गॅप तुम्ही रिपोर्टमध्ये आकडा म्हणून लिहिता तो आहे आयोडीन पी पासून क्रोमियम ई-जी पर्यंतचं अंतर, आणि दुसऱ्या वाटेवर इलेक्ट्रॉनला चढावी लागणारी पायरीही तीच दोन ऑर्बिटल ठरवतात. गॅप आणि एक्सचेंज एकाच घरातले भाऊ आहेत ते असे. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही रांग बघा, क्रोमियम तोच, रचना जवळपास तीच, पण पी ऑर्बिटल वर वर येत जातं, गॅप कमी होत जातो, पी आणि डी ची मिसळ वाढते, आणि स्फटिकाचं क्रमबद्ध होण्याचं तापमान क्लोराइडचं साधारण १७ केल्विन, ब्रोमाइडचं ३७ च्या आसपास, आयोडाइडचं ६१. क्लोराइडमध्ये थराच्या आत फेरो असला तरी थर एकमेकांच्या उलट असतात हेही लक्षात असू द्या. आणि क्रोमियम क्रोमियम अंतर बदलल्यामुळे पहिली वाटही रांगेत कमजोर होत जाते, म्हणजे सगळं श्रेय गॅपला देऊन मोकळं होऊ नका.

गॅपबद्दल एक मात्र कळकळीने सांगायचंय. साध्या डीएफटीने मोनोलेयरचा गॅप एकच्या थोडा वर येतो आणि स्फटिकाचा प्रकाशाने मोजलेला गॅप १.२ इव्ही आहे, मग लोक खूश होतात की वा, जुळलं. ते जुळणं योगायोगाचं आहे. जीडब्ल्यू (इलेक्ट्रॉनचा एकमेकांवरचा परिणाम जास्त नीट धरणाऱ्या) पद्धतीने मोनोलेयरचा खरा इलेक्ट्रॉनिक गॅप अडीच इव्हीच्याही वर निघतो, आणि प्रकाशाने दिसतो तो एक्सिटॉन, जिथे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ऊर्जा खाली येते. दोन चुका एकमेकांना खाऊन आकडा बरोबर आलाय. रिपोर्टमध्ये जुळलं म्हणून लिहिण्याआधी हा विचार करा.

फरकावरून जे, जे वरून तापमान

आता फेरो आणि अँटीफेरो दोन्हीची ऊर्जा हातात आहे. सोपं मॉडेल, प्रत्येक शेजारी जोडीसाठी उणे जे (शेजारी स्पिनमधल्या ओढीची ताकद) गुणिले दोन स्पिनचा डॉट प्रॉडक्ट, प्रत्येक जोडी एकदाच मोजायची. सेलमध्ये क्रोमियम २ आणि प्रत्येकाला ३ शेजारी, म्हणजे जोड्या ३. फेरोमध्ये ऊर्जा उणे ३ जे एस वर्ग, अँटीफेरोमध्ये अधिक ३ जे एस वर्ग, फरक ६ जे एस वर्ग. एस ३/२, वर्ग २.२५, म्हणजे फरक १३.५ जे. समजा सेलमागे फरक ३० मिलीइव्ही आला तर जे २.२ मिलीइव्ही, आणि याच घरातले आकडे छापून आलेलेही आहेत. पण दुसऱ्याच्या पेपरशी ताडून बघताना त्याने जोडी एकदा मोजलीय की दोनदा, एस १ धरलाय की ३/२, हे त्याच्या समीकरणात आधी बघा, नाहीतर दुप्पट किंवा सव्वादोन पटीचा फरक दिसेल आणि तुम्ही स्वतःच्या रनमध्ये चूक शोधत बसाल. दुसऱ्या तिसऱ्या शेजाऱ्याचे जे हवे असतील तर सुपरसेल घेऊन स्ट्रायपी आणि झिगझॅग मांडणीही करावी लागते.

मीन फील्डने (शेजाऱ्यांचा नुसता सरासरी परिणाम धरून) तापमान काढायचं तर शेजारी ३ गुणिले जे गुणिले एस गुणिले एस अधिक १, भागिले ३. आपल्या आकड्यांनी ८.३ मिलीइव्ही, म्हणजे ९७ केल्विन. प्रयोगात ४५. दुपटीहून जास्त! इथे जे ला दोष देऊ नका, दोष मीन फील्डचा आहे. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं की दोन मितींमध्ये स्पिनला सगळ्या दिशा सारख्या असतील तर शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला क्रम टिकत नाही, स्पिन वेव्ह सगळं मोडून टाकतात, आणि मीन फील्डला हे माहीतच नाही, तो निवांत ९७ सांगतो. मग एकाच थरात चुंबकत्व टिकतं कसं? कारण दिशा सारख्या नाहीत, थराला लंब दिशा स्पिनला आवडते.

ही आवड येते कुठून, तर पुन्हा त्या आयोडीनकडून. क्रोमियमचं स्पिन ऑर्बिट (स्पिन आणि इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचं नातं) फारसं जोरदार नाही, पण आयोडीन जड, त्याच्या पी ऑर्बिटलमध्ये ते जबरदस्त, आणि पी चं मिसळणं आपण डॉसमध्ये पाहिलंच. हे काढायला नॉनकोलिनियर (स्पिन कुठल्याही दिशेला वळू शकेल असा) रन, पूर्ण रिलेटिव्हिस्टिक सुडोपोटेन्शियल, एकदा स्पिन झेड दिशेला आणि एकदा एक्स दिशेला. फरक क्रोमियममागे अर्धा ते एक मिलीइव्ही एवढाच असतो, म्हणून के-पॉइंटची जाळी आणखी दाट करा, कन्व्हर्जन्स आणखी कडक करा, आणि रन संपल्यावर स्पिन खरंच एक्स दिशेलाच राहिलाय ना हे आउटपुटमध्ये बघा, कधीकधी तो हळूच वळतो. दोन्ही दिशांचे बँड एकमेकांवर ठेवून बघायला विसरू नका, व्हॅलन्स बँडच्या माथ्यावर चांगलाच फरक दिसतो, गॅप डायरेक्ट की इनडायरेक्ट हेसुद्धा स्पिनच्या दिशेने बदलू शकतं असं २०१८ मध्ये गणिताने दाखवलं गेलंय. मग जे आणि ही दिशेची आवड, म्हणजेच अ‍ॅनिसोट्रॉपी दोन्ही घालून मॉन्टे कार्लो (स्पिन यादृच्छिकपणे हलवून बघणारी पद्धत) चालवा, तापमान बरंच खाली, प्रयोगाच्या जवळ येईल.

दुसरा थर ठेवल्यावर

दोन थरांचं ट्रायआयोडाइड प्रयोगात अँटीफेरो निघालं, म्हणजे थरात फेरो पण थर एकमेकांविरुद्ध, आणि साधारण ०.६ टेस्लाच्या आसपास फील्ड दिलं की दोन्ही एका दिशेला येतात. पण अख्खा स्फटिक तर फेरो! याचं उत्तर रचनेत आहे. स्फटिक थंड करताना साधारण २२० केल्विनला थर थोडे सरकतात, मोनोक्लिनिकमधून ऱ्हॉम्बोहेड्रल होतात, पातळ तुकडे मात्र मोनोक्लिनिकच राहतात. थर सरकले की कुठलं ऑर्बिटल कोणासमोर येतं ते बदलतं, टी-टू-जी समोर टी-टू-जी आलं तर अँटीफेरोची ओढ, टी-टू-जी समोर ई-जी आलं तर फेरोची, मोनोलेयरमध्ये पाहिलेल्या त्याच दोन वाटा, फक्त आता उभ्या. २०१९ मध्ये दाब देऊन दोन थरांना अँटीफेरोमधून फेरोमध्ये नेऊन दाखवलं, ते याच सरकण्यामुळे. तुम्ही करताना व्हॅन डर वाल्स करेक्शन (थरांमधली कमजोर ओढ धरणारं) नक्की लावा, दोन्ही स्टॅकिंगसाठी (थर एकमेकांवर बसण्याच्या दोन्ही रचनांसाठी) फेरो आणि अँटीफेरो असे चार रन, आणि थरांमधलं अंतर प्रत्येक स्टॅकिंगला एकदा ठरवून मग हलवू नका.

हे सगळं जमलं की क्रोमियम सल्फर ब्रोमाइड करून बघा, तिथे नातं उलट्या बाजूनेही दिसतं. १३२ केल्विनला ते अँटीफेरो होतं, थरात फेरो आणि थर आळीपाळीने उलट, शिवाय आयोडाइडसारखं हवेत लगेच खराब होत नाही त्यामुळे प्रयोगवाल्यांचं लाडकं आहे. शेजारच्या थरात स्पिन उलटा असला की इलेक्ट्रॉनला तिकडे जाता येत नाही, तो आपल्याच थरात अडकून राहतो. फील्ड देऊन सगळे थर एका दिशेला आणले की वाट उघडते, बँड फुटतात आणि एक्सिटॉनची ऊर्जा खाली सरकते, म्हणजे चुंबकत्व बदललेलं चक्क प्रकाशात दिसतं. दोन थर घ्या, भूमिती तीच ठेवा, एकदा स्पिन समांतर, एकदा उलटे, आणि दोन्हीचे बँड एकाच कागदावर प्रिंट काढा. अँटीफेरोमध्ये जिथे एकच रेघ दिसते, खरं तर दोन थरांच्या दोन रेघा एकमेकींवर बसलेल्या असतात, तिथे फेरोमध्ये त्या वेगळ्या होतात. त्या दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा, थरांमधलं हॉपिंग (इलेक्ट्रॉनच्या उडीची ताकद) त्याच्या निम्मं.